ईडनमधील एकान्त

वर्ड्‌स्वर्थची ‘डॅफोडिल्स’ ही कविता ज्याने कधी पाठ केली नाही, असा इंग्रजी शिकलेला मनुष्य आपल्याकडे विरळा. आम्ही तर ती पाठ करूनच थांबलो नाही. गेली सत्तावीस वर्षे ती आम्ही दुसऱ्यांस शिकवीत आलो आहो. या अवधीत आमच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांची गणती करू गेल्यास ती काही सहस्रांच्या घरात जाईल. त्या सर्वांस आम्ही त्या फुलांचे सौंदर्य, त्यांचे वाऱ्यावर डोलणे आणि एकान्तात होणारे त्यांचे स्मरण यांविषयी मोठ्या तन्मयतेने सांगितले. केवळ एकच गोष्ट सांगितली नाही. ती ही की, ते फूल आम्ही उभ्या जन्मात पाहिले नव्हते. फळ्यावर त्याची आकृती काढण्याचा प्रसंग आला म्हणजे ती कधी धोतऱ्याच्या फुलासारखी होई, तर कधी कण्हेरीसारखी. आणि मग ‘फूल महत्त्वाचे नव्हे, भाव महत्त्वाचा’ असे म्हणून आम्ही खडू खाली ठेवीत असू.

या कवितेच्या संबंधात एक जुनी गोष्ट आमच्या मनास लागून राहिली होती. वीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात माण तालुक्यातील एक धनगराचा मुलगा होता. कवी स्वतःस एकट्या ढगाची उपमा देतो, ती कशी समर्पक आहे हे आम्ही रंगवून सांगत असता तो उभा राहिला व म्हणाला, ‘‘सर, आमच्याकडं एकटा ढग म्हणजे वांझ ढग. तो आला की म्हातारी माणसं म्हणतात, आता पाऊस न्हाई. मग कवी सोताला तसं का म्हणवून घेतो?’’ प्रश्न उत्तम होता. परंतु आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि उत्तर नसलेल्या शिक्षकास जे सुचते तेच आम्हांस सुचले. ‘‘तुला काव्य कळावयाचे नाही, बाबा. तू आपला मेंढ्यांचाच हिशेब कर,’’ असे आम्ही म्हणालो. वर्ग हसला. तो मुलगा खाली बसला. दुसऱ्या दिवशी तो शेवटच्या बाकावर गेला आणि वर्ष संपेपर्यंत त्याने पुन्हा तोंड उघडले नाही. चार वर्षांपूर्वी साताऱ्याच्या एस्. टी. स्थानकावर तो अकस्मात भेटला. ग्रामसेवक झाला होता. त्याने वाकून नमस्कार केला आणि आपला पत्ताही लिहून दिला. त्याच्या वर्तनात रागाचा लेशही नव्हता. आमची मान मात्र वर होईना.

आमचा एक पुतण्या इंग्लंडात लीड्स येथे नोकरीस आहे. ‘‘काका, एकदा डॅफोडिल्स पाहून जा,’’ असा त्याचा कित्येक वर्षांचा आग्रह. अखेर १९२३ च्या नव्हे, तर २०२३ च्या एप्रिलात (आमच्या वृत्तीकडे पाहून पुतण्या नेहमी शंभर वर्षांची गल्लत करतो) आम्ही सपत्नीक तेथे जाऊन पोचलो. लीड्सहून कार्लाइलला जाणारी आगगाडी पेनाइन डोंगरांतून जाते. आइस गिल नावाच्या सुमारे ३५६ मीटर उंचीच्या माथ्यावर ती चढते आणि मग मॅलरस्टँगच्या अरुंद दरीत उतरू लागते. त्या उतारावरच ईडन नदी आपल्या सोबतीस येते. तेथून पुढचा मुलूख तो ईडन जिल्हा. अथवा अधिक काटेकोर बोलावयाचे तर, आम्ही पोचण्यापूर्वी बारा दिवसांपर्यंत त्यास तसे म्हणत असत.

याचा खुलासा केला पाहिजे. इंग्लंडातील ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपल्याकडील जिल्हा नव्हे. परगण्याखालील, आपल्या तालुक्याच्या जवळ जाणारा तो स्थानिक कारभाराचा एक विभाग होय. १ एप्रिल १९७४ रोजी कंबरलंड आणि वेस्टमोरलंड हे जुने परगणे मोडून, त्यांत शेजारचे काही तुकडे जोडून कंब्रिया नावाचा नवा परगणा करण्यात आला. त्या वेळी पेनरिथ, ॲपलबी, ऑल्स्टन इत्यादी भाग एकत्र करून हा डिस्ट्रिक्ट जन्मास आला व नदीवरून त्याचे नाव ईडन ठेवण्यात आले. क्षेत्रफळ सुमारे २१४० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर व उपनगरे यांच्या साडेतीन पट. आणि वस्ती, २०२१ च्या खानेसुमारीप्रमाणे, केवळ ५४ हजारांच्या आसपास. इंग्लंडात दर चौरस किलोमीटरास सरासरी चारशेंहून अधिक माणसे राहतात, येथे पंचवीस! सबंध इंग्लंडात इतका विरळ वस्तीचा डिस्ट्रिक्ट दुसरा नव्हता. १ एप्रिल २०२३ रोजी तो खालसा झाला आणि दक्षिणेकडील दोन डिस्ट्रिक्टांसह ‘वेस्टमोरलंड अँड फर्नेस’ या नव्या कारभारात विलीन झाला. एकूण आयुष्य एकूणपन्नास वर्षांचे. आमच्याहून थोडे कमीच. आम्ही ज्या शेतघरी उतरलो तेथील दाराशी ठेवलेल्या कचऱ्याच्या पिंपावर मात्र अद्याप जुन्या कौन्सिलाचेच नाव होते.

नावांची ही उलथापालथ पाहून आम्हांस ॲपलबी गावचे कौतुक वाटले. हे वेस्टमोरलंडचे जुने मुख्य ठाणे. १९७४ साली सरकारने परगणा पुसून टाकला, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या गावाचे नावच ‘ॲपलबी-इन-वेस्टमोरलंड’ असे लांबविले. जो परगणा नकाशावर उरला नव्हता, तो त्यांनी असा आपल्या पाटीवर जतन करून ठेवला. आणि पन्नास वर्षांनी सरकारासच ते नाव पुन्हा उचलावे लागले. नदीचे तर याहून निराळे. बायबलातील नंदनवनाशी तिचा काडीचाही संबंध नाही. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलात ‘इतुना’ म्हणून जे नाव येते तेच हे, असे पंडित मानतात. ते केल्टिक भाषेतील आहे व त्याचा संबंध पाण्याशी असावा. रोमन गेले, परगणे झाले आणि मोडले. नदी मात्र मॅलरस्टँगच्या दलदलीतून निघून, इंग्लंडातील बहुतेक मोठ्या नद्यांस सोडून उत्तरेकडे वाहत सॉल्वेच्या खाडीस मिळते, ती मिळतेच आहे.

शेतघराच्या खिडकीतून पहिल्या सकाळी जो देखावा दिसला तो पाहून आम्ही सौभाग्यवतींस म्हणालो, ‘‘पाहा, मनुष्याचा हात न लागलेली सृष्टी ती हीच!’’ घरमालकीण बाई चहा ओतीत होत्या. त्यांस आमच्या उद्गारांचा अर्थ पुतण्याने सांगितला, तेव्हा त्या हसल्या व म्हणाल्या, ‘‘प्रोफेसर, येथे हात न लागलेली अशी एक वीतही तुम्हांस मिळावयाची नाही.’’ त्यानंतरचे दोन दिवस त्यांनी आम्हांस जे दाखविले त्याने आमचा सत्तावीस वर्षांचा समज निखळत गेला.

प्रथम भिंती. डोंगराच्या पायथ्यापासून ऐन कड्यापर्यंत चढत गेलेल्या या दगडी भिंतींत चुन्याचा अंशही नाही. दोन बाजूंस दोन थर, मध्ये बारीक दगडांची भर, आणि दोन्ही थरांस बांधून ठेवणारे लांब आडवे दगड, अशी त्यांची रचना. पुष्कळशा भिंती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात, सामाईक जमिनी कायद्याने वाटून घेण्यात आल्या त्या वेळच्या. नदीकाठी त्या तांबूस वालुकाश्माच्या, तर कर्कबी स्टीफनच्या बाजूस चढू लागले की करड्या चुनखडीच्या. पायाखाली जो दगड असेल तोच वर आला. कोणाची भिंत कोणी रचली याची नोंद बहुधा नाही. रचणारे गवंडी मजुरीस आले आणि निघून गेले.

भिंतींच्या वर उघडा डोंगर. तेथे कुंपण नाही. निरनिराळ्या शेतकऱ्यांच्या स्वेलडेल जातीच्या, काळ्या तोंडाच्या मेंढ्या त्याच एका सामाईक कुरणात सोडलेल्या असतात. तथापि प्रत्येक कळप आपल्याच टापूत चरतो. हा टापू कोकरास त्याची आई शिकविते. ते कोकरू मोठे होऊन आपल्या कोकरास शिकविते. तिकडे यास ‘हेफ्ट’ म्हणतात. चुकून एखादी मेंढी हद्द ओलांडून गेलीच, तर तिच्या कानावरील खाच आणि लोकरीवरील रंगाचा पट्टा पाहून ती कोणाची हे ओळखावयाचे. आणि शरद ऋतूच्या अखेरीस सारे मेंढपाळ एकत्र जमून चुकलेली मेंढरे ज्याची त्यास परत करावयाची. या खुणांची छापील पुस्तके त्या प्रदेशात १८१७ पासून निघत आली आहेत. आम्ही बाईंपाशी तसले एक पुस्तक पाहिले. पानोपानी तीच एक मेंढी. केवळ कानाची खाच व पाठीचा रंग निराळा. मेंढ्यांचा हिशेब म्हणून आम्ही ज्याची एकदा थट्टा केली होती, त्याचा हा ग्रंथ आमच्या हातात होता.

या सुखी वर्णनास एक काळी बाजू आहे. २००१ साली इंग्लंडात लाळ्या-खुरकुताची भयंकर साथ आली. सबंध देशात रोगाची जी दोन हजारांहून अधिक ठिकाणे नोंदली गेली त्यांपैकी ८९३ एकट्या कंब्रियातील. आणि शेवटचे ठिकाण, ३० सप्टेंबर २००१ रोजीचे, याच ॲपलबीनजीकचे होते. रोग नसलेली शेजारची जनावरेही मारण्यात आली. बाईंच्या सासऱ्यांचा कळप त्यांतच गेला. त्या म्हणाल्या, ‘‘पैसे सरकारने दिले. नव्या मेंढ्याही विकत मिळाल्या. पण आपला डोंगर कोणता हे त्यांस कोण सांगणार? ज्यांना ठाऊक होते त्या सगळ्या मेल्या होत्या.’’ नव्या कळपास ती हद्द शिकविण्यासाठी घरातील माणसांनी कित्येक महिने पहाटेपासून डोंगरावर उभे राहून मेंढ्या वळविल्या. सरकारने आखलेली रेषा एकूणपन्नास वर्षांत पुसली गेली याचे बाईंस विशेष काही वाटले नव्हते. ही दुसरी रेषा तुटली तेव्हाची आठवण सांगताना त्या बोलता बोलता थांबल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेकडून असा वारा सुटला की दार उघडवेना. क्रॉस फेल हा पेनाइन रांगेतील सर्वांत उंच डोंगर. उंची ८९३ मीटर. ईशान्येचा वारा त्यावर चढून या बाजूस कोसळतो त्यास ‘हेल्म’ असे नाव आहे. त्या वेळी डोंगराच्या माथ्यावर ढगाची टोपी बसते, आणि तेथून काही मैल अलीकडे, निरभ्र आकाशाचा पट्टा मध्ये सोडून, एक लांब आडवा ढग उभा राहतो. एवढ्या वाऱ्यातही तो जागचा हलत नाही. आम्ही प्रथम समजलो, हाच तो कवीचा एकटा ढग. परंतु पुतण्या शास्त्र शिकलेला. त्याने सांगितले की तो ढग स्थिर नाहीच. डोंगरावरून उतरलेली हवा लाटेसारखी पुन्हा वर उसळते. वर चढताना तिच्यातील बाष्पाचे थेंब होतात, व पलीकडे उतरताना ते विरून जातात. एका कडेस ढग क्षणोक्षणी जन्मतो, दुसऱ्या कडेस क्षणोक्षणी नाहीसा होतो. म्हणजे डोंगर, वारा आणि पाणी या तिघांनी मिळून चालविलेले ते काम होते. आम्हांस दुरून तो एकटा दिसला इतकेच.

त्याच दिवशी दुपारी हॉजवॉटर पाहिले. डोंगरांच्या कुशीतील निर्मनुष्य सरोवर म्हणून आम्ही त्याचीही स्तुती करणार होतो. तोच कळले की, हे पाणी मँचेस्टर शहराकरिता अडविलेले आहे. मूळचे सरोवर लहान होते. १९१९ साली झालेल्या कायद्याने मँचेस्टरच्या नगरपालिकेस अधिकार मिळाला, पुढे धरण बांधले गेले, आणि १९३५ च्या सुमारास मार्डेल नावाचे गाव रिकामे करण्यात आले. चर्चच्या आवारातील ९७ प्रेते उकरून काढून बहुतेक शॅप गावी नेऊन पुन्हा पुरली. कडक उन्हाळ्यात पाणी खाली गेले म्हणजे गल्लीच्या भिंती व एक लहान पूल वर येतो. पुण्याच्या मनुष्यास हे ऐकून १९२१ च्या मुळशीचे स्मरण झाले नाही तरच नवल. ज्या एकान्ताची आम्ही वाहवा करीत होतो, तो एका गावास उठवून निर्माण केलेला होता.

१५ एप्रिल रोजी अल्सवॉटरच्या काठी गेलो. तारीख मुद्दाम साधली होती. कारण १८०२ साली याच दिवशी वर्ड्‌स्वर्थने ती फुले गोबॅरोनजीक पाहिली. आता जे आम्हांस पुस्तकी ज्ञान म्हणून पूर्वीपासून ठाऊक होते, परंतु ज्याचा अर्थ त्या काठावर उभे राहीपर्यंत कळला नव्हता, ते सांगतो. कवी त्या दिवशी एकटा नव्हता. त्याची बहीण डोरोथी त्याच्याबरोबर होती. दोघे युस्मियर येथील क्लार्क्सन या स्नेह्यांच्या घरून निघाले होते. हे क्लार्क्सन म्हणजे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडलेले प्रसिद्ध गृहस्थ. हवा ढगाळ, वारा झोंबरा. डोरोथीने ती फुले, तो वारा, ते पाणी यांचे वर्णन आपल्या रोजनिशीत केले. कविता दोन वर्षांनी झाली व १८०७ साली छापली गेली. तीत बहीण नाही. पुढे कवीनेच सांगितले की, त्या कवितेतील उत्तम अशा दोन ओळी आपल्या पत्नीच्या आहेत. त्या ओळी म्हणजे एकान्तातील स्मरणसुखाविषयीच्याच! एकान्ताची ती जगप्रसिद्ध कविता अशी तिघांच्या हातची निघाली. बहिणीने पाहिले व टिपले, पत्नीने ओळी दिल्या, कवीने रचले; आणि वर्गात आम्ही ‘एकटा’ या शब्दावर जोर देत राहिलो.

फुलांविषयी सांगावयाचे तर, रस्त्याच्या कडेची उंच व गर्द पिवळी फुले पाहून आम्ही धावत सुटलो, तेव्हा पुतण्याने थांबविले. ती बागेतील जात. कवितेतील रानफूल झाडांखाली, ओलसर जमिनीत होते. जेमतेम वीत-दीड वीत उंचीचे. बाहेरच्या पाकळ्या फिक्या, मधला कर्णा तेवढा गडद. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘एवढेसेच का हो?’’ आम्हांसही क्षणभर तेच वाटले. मग सरोवरावरून वारा आला आणि ती सारी एकदम एका बाजूस कलली. ती का प्रसिद्ध झाली हे त्या वेळी आम्हांस फळ्यावाचून समजले.

पेनरिथ येथे एका दुकानात आम्ही चित्राचे एक कार्ड घेतले. त्यावर ती फुले होती, मागे भिंत होती, भिंतीपलीकडे मेंढ्या होत्या. त्या ग्रामसेवकाच्या पत्त्यावर आम्ही ते धाडले. त्यावर हेल्मच्या ढगाविषयी चार ओळी लिहिल्या, व खाली लिहिले, ‘वीस वर्षांपूर्वी तू विचारलेला प्रश्न योग्य होता. उत्तर मला येत नव्हते, म्हणून मी तुला हसलो. त्याबद्दल मला क्षमा कर.’ एवढे लिहावयास आम्हांस त्या दुकानाबाहेरील बाकावर अर्धा तास लागला.

आषाढात त्याचे आंतर्देशीय पत्र आले. ‘‘सरांस साष्टांग नमस्कार. कार्ड पोचले. ढगाचे समजले. ते जुने मनात ठेवू नये. फूल चांगले आहे. चित्रातील भिंतीच्या तळाशी एक चौकोनी भोक दिसते. गाय जाणार नाही, मेंढरू जाईल, एवढेच आहे. या शेतातून त्या शेतात मेंढरे सोडण्यासाठी ठेवले असावे. ज्याने भिंत बांधली त्याला मेंढरांची जाण होती. आपण तर प्रत्यक्षच पाहिले असेल.’’

आम्ही पाहिले नव्हते. पुतण्याने काढलेली छायाचित्रे आम्ही पुन्हा काढून बसलो, तो जागोजाग भिंतींत ते भोक होते. शोध करिता कळले की त्यास तिकडे ‘हॉग होल’ म्हणतात; आणि येथला ‘हॉग’ म्हणजे डुक्कर नव्हे, तर पहिली कातरणी न झालेले मेंढीचे पिल्लू. इंग्रजीचे अध्यापक म्हणून आमचे केस पांढरे झाले. तो अर्थ आम्हांस माणच्या पत्राने शिकविला.

श्रावणात ती कविता वर्गात घेण्याची पाळी आली. पुस्तक उघडण्यापूर्वी आम्ही विचारले, ‘‘एकटा ढग कोणी नीट पाहिला आहे काय?’’ थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग पाचसहा हात वर झाले. ते सारे मागच्या बाकांवरचे होते.